युरेनसचं माहेरचं नाव

आता तुम्हीच सांगा, घरात दिवसातून चाळीस वेळा आपल्या नावाचा पुकारा व्हावा आणि 'ओ' मात्र दुसरीनं द्यावी, तर कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही? मखमलाबादला काकडांच्या मळ्यात सात वर्षं हेच चाललं होतं. "मनीषा, चहा झाला का?" "मनीषा, माझा चष्मा बघ गं." "मनीषाकाकू, माझी वही कुठंय?" आणि दर हाकेला पत्र्याच्या शेडमध्ये गुलाबाच्या जुड्या बांधत बसलेली सुवर्णा दोरा करकचून आवळायची. कारण मनीषा हे नाव तिचं होतं. बारशाला ठेवलेलं, दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलेलं, तिचं स्वतःचं.

चौदा वर्षांपूर्वी मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधली मनीषा काकडांच्या थोरल्या शेखरची बायको होऊन आली. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि शेखरनं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं: सुवर्णा. ते ठरवलं होतं सासूबाईंनी, रंगूबाईंनी. साखर वाटली गेली, बाया 'छान, छान' म्हणाल्या, तिनंही मान डोलावली. नवी नवरी दुसरं काय करणार? माहेरी तिला सगळे मनू म्हणायचे, म्हणजे मनीषा म्हणणारं तसं कुणी नव्हतंच. मग रेशनकार्डावर सुवर्णा आली, आधारवर आली, मतदार यादीत आली. विषय संपला असं तिलाही वाटलं.

सात वर्षांनी धाकट्या राजचं लग्न ठरलं. पोरगी इगतपुरीची, डी.एड. झालेली, शाळेत बाई म्हणून नोकरीला. नाव मनीषा. सुवर्णाला वाटलं, बदलतीलच. तिनं मनातल्या मनात दोन-तीन नावं काढूनही ठेवली होती, एकाहून एक जुनाट. आणि रंगूबाई काय म्हणाल्या? "नोकरीवाली हाय, कागदं बदलायची लय कटकट. अन् नाव बी ग्वाड हाय. ऱ्हाऊ द्या."

गोड! मग सात वर्षांपूर्वी तेच नाव कडू होतं का? पण सुवर्णा बोलली नाही. तिला वाटलं, कुणाला तरी आठवेल. सासूला, सासऱ्याला, निदान ज्यानं अंगठी धरली होती त्याला तरी. कुणाला म्हणजे कुणाला आठवलं नाही. आणि आपण होऊन आठवण करून द्यायची म्हणजे आपल्याच वस्तूसाठी हात पसरायचा. त्यापेक्षा गिळलेलं बरं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते तिला रोज डोळ्यांसमोर दिसायचं.

बरं, ही मनीषा वाईट असती तरी चाललं असतं. उघड भांडता तरी आलं असतं. पण ती पडली हसरी आणि कामसू. शाळेतून आली की ओढणी खोचून "ताई, द्या, मी बांधते," म्हणत शेजारी बसायची. तिच्या जुड्या ढिल्या व्हायच्या. ती उठून गेली की सुवर्णा त्या सोडायची आणि परत घट्ट बांधायची. दिवसभरात सुखाची गोष्ट तेवढीच. कारण बाकी सगळीकडे तीच पुढे होती, आणि सुवर्णाची एकुलती एक लेक, अकरा वर्षांची प्रतिभा, तिच्या मागे मागे. वेणी काकूनं घालायची, पाढे काकूनं घ्यायचे, रुसवा काढायचा तोही काकूनंच. आईनं फक्त खाऊ-पिऊ घालावं आणि गप बसावं.

त्यात शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं. प्रतिभानं विषय घेतला, 'ग्रहांची इंग्रजी नावं कुठून आली?' नियम असा की मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस मार्गदर्शक म्हणून टेबलापाशी उभं राहणार. प्रतिभानं क्षणाचाही विचार केला नाही. "मनीषाकाकू!" म्हणाली. आई समोरच भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली, आणि रंगूबाई म्हणाल्या, लक्ष कुठं असतं गं तुझं.

मग पंधरा दिवस शेडमध्ये रोज संध्याकाळी शिकवणी. एका बाजूला सुवर्णा गुलाबाचे खालचे काटे काढून जुड्या वर्तमानपत्रात गुंडाळतेय, आणि दुसऱ्या बाजूला या दोघी चार्ट पसरून बसल्यात.

"हे बघ," मनीषा सांगायची, "ग्रीक लोकांच्या देवांचा राजा झ्यूस. रोमन लोकांकडे ज्युपिटर होता. त्यांनी झ्यूसच्या सगळ्या गोष्टी आपल्या ज्युपिटरला देऊन टाकल्या. आपण त्या ग्रहाला गुरू म्हणतो. हर्मीस हा देवांचा निरोप्या. रोममध्ये तो मर्क्युरी झाला. म्हणजे आपला बुध. अ‍ॅरीसचा मार्स, तो मंगळ. क्रोनसचा सॅटर्न, तो शनी. आणि अ‍ॅफ्रोडाईटची व्हीनस."

"ती शुक्र! पण काकू, आपला शुक्र तर पुरुष आहे."

"आपल्याकडे पुरुष, तिकडे बाई. आकाशातला ठिपका तोच."

"मग ग्रहांना ग्रीकांची नावं का नाही दिली? गोष्टी तर त्यांच्या होत्या."

"रोमनांचं राज्य मोठं झालं. पुढे कितीतरी वर्षं युरोपातले शिकलेले लोक त्यांचीच भाषा लिहायचे, लॅटिन. मग तीच नावं चिकटली."

वा रे न्याय, सुवर्णाच्या मनात आलं. देव कुणाचे आणि पाटी कुणाची! तिनं एक काटा इतक्या जोरात उपटला की साल निघाली.

"फक्त हा एक वेगळा," मनीषानं बोट ठेवलं. "युरेनस. ग्रीकांचा आकाशाचा देव ऊरानोस. रोमन लोकांकडेही आकाशाचा देव होता, पण ग्रहाला त्याचं नाव नाही दिलं. ग्रीकच ठेवलं, थोडं लॅटिन वळण देऊन."

"म्हणजे यानं एकट्यानंच माहेरचं नाव ठेवलं?"

मनीषा खळखळून हसली. "अगदी तसंच. तो उशिरा सापडला ना, दुर्बीण आल्यावर. तोवर नावं ठेवणारी माणसं बदलली होती."

"पण नेपच्यून तर त्याच्याही नंतर सापडला. तो तर रोमन आहे."

"हो की गं!" मनीषानं चार्टवर नेपच्यून शोधला. "मग नियम-बियम काही नाही. ठेवणाऱ्याची मर्जी."

कात्री सुवर्णाच्या बोटाला लागली. फार नाही, पण रक्त आलं. मनीषाच धावत हळद घेऊन आली आणि सुवर्णाला ती हळदही झोंबली. ठेवणाऱ्याची मर्जी! किती सहज बोलून गेली बाई. हिच्या वाट्याला मर्जी चांगली आली म्हणून हिला हसायला येतंय.

त्या दिवसापासून सुवर्णानं एक केलं. पहाटे फुलं तोडताना कानात इअरफोन घालून ती ग्रहांचे आणि देवांचे मराठी-हिंदी व्हिडिओ ऐकायला लागली. शेखर म्हणाला, भजनं लावलीत का? ती म्हणाली, हो. दुसरीनं शिकवलेलं पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकायचं, त्यापेक्षा आपण शिकावं की! प्रदर्शनापर्यंत तिला सगळं पाठ झालं, मनीषानं सांगितलेलं आणि न सांगितलेलंही. पण सांगणार कुणाला? विचारायला कुणी आलं नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. शाळेकडे नंबर आईचाच होता. प्रदर्शन उद्या अकराऐवजी नऊला सुरू होईल, पालकांनी नोंद घ्यावी. सुवर्णानं तो वाचला आणि फोन उशीखाली उलटा ठेवला. शनिवारी मनीषाची सकाळची शाळा, ती तिकडून परस्पर अकराला येणार होती. मग सांगू, असं सुवर्णा स्वतःला म्हणाली. जेवताना सांगितलं नाही. भांडी घासताना मनीषा शेजारीच होती, तरी सांगितलं नाही. सकाळी मनीषाची स्कूटी फाटकाबाहेर पडताना ऐकली, तेव्हाही ती खिडकीतून नुसती बघत राहिली. प्रतिभाला उठवून नवी वेळ सांगितली ती त्यानंतरच. खोटं बोलले का मी? नाही. फक्त बोलले नाही. अशी मनाची समजूत घालायला माणूस हुशार असतो.

"आई, काकूला सांगितलंस ना नऊचं?" प्रतिभानं रिक्षात विचारलं.

"सांगितलंय," सुवर्णा म्हणाली. हे मात्र खोटं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. काकू काही आली नाही, प्रतिभाचा चेहरा उतरला, पण चार्ट टांगला आणि पोरगी धडाधड बोलली. परीक्षक बाई चष्म्याच्या, हातात वही घेतलेल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे व्हीनस ही रोमन लोकांनी ग्रीकांची उचललेली देवी, असंच ना?"

प्रतिभा गडबडली. तिनं आजूबाजूला पाहिलं. काकू नव्हती. आणि सुवर्णाच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं, "नाही मॅडम. व्हीनस रोमनांची स्वतःची होती, आधीपासून. मळ्याची देवी. भाजीपाल्याचे मळे तिच्या राखणीत असायचे. अ‍ॅफ्रोडाईटच्या गोष्टी नंतर आल्या, त्या हिच्या अंगावर चढवल्या. दोघी वेगळ्या होत्या. एकीचं नाव राहिलं, दुसरीच्या गोष्टी राहिल्या. पण आता विचारलं तर लोक म्हणतात, एकच."

बाईंनी चष्मा खाली केला. "अहो, छान सांगितलंत. मार्गदर्शक तुम्हीच का?"

नाही म्हणायला हवं होतं. घरात एक बाई होती, तिनं पंधरा दिवस घसा कोरडा केला होता. सुवर्णा "हो" म्हणाली.

"नाव?"

"मनीषा," ती म्हणाली. चौदा वर्षांनी ते नाव तिनं स्वतःच्या तोंडानं, स्वतःसाठी घेतलं. कानाची पाळी गरम झाली.

बाई पुढच्या टेबलाकडे वळल्या आणि प्रतिभानं आईचा हात घट्ट धरला. "आई, काकूचं नाव दिलंस! किती चांगली आहेस गं तू!"

आता यावर काय बोलणार? आपल्या नावाचं श्रेयही तिलाच गेलं. सुवर्णाला रडावं की पोरीला एक धपाटा घालावा ते कळेना.

तासाभरानं निकाल लागला, दुसरा नंबर. प्रमाणपत्र लिहिणाऱ्या सरांनी टेबलावरून मान वर न करता विचारलं, "मार्गदर्शकाचं पूर्ण नाव?" प्रतिभा मैत्रिणींत होती. सुवर्णा एका दमात म्हणाली, "मनीषा शेखर काकड." साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या महिन्यात, मनमाडला, तिनं वहीच्या शेवटच्या पानावर हे नाव वीस-पंचवीस वेळा लिहून पाहिलं होतं, वेगवेगळ्या सह्या करून. या नावाची बाई पुढे कधी झालीच नाही. सरांनी निळ्या शाईत ते लिहिलं, फुंकर घातली आणि गुंडाळी करून तिच्या हातात दिलं. तिनं उघडूनही पाहिलं नाही.

पावणेअकराला मनीषा धापा टाकत आली, तेव्हा टेबलं आवरली जात होती. "झालं पण?"

"वेळ बदलली," प्रतिभा लांब आहे असं बघून सुवर्णा म्हणाली. "मेसेज मी उशिरा बघितला."

मनीषाचा चेहरा पडला, पण तिनं प्रतिभाला उचलून गोल फिरवलं आणि येताना सगळ्यांना उसाचा रस पाजला. सुवर्णा तो रस प्यायली आणि तो तिला काही केल्या गोड लागेना.

संध्याकाळी चहाला सगळे ओट्यावर बसले. सासरे कारभारी काकड यांनी नातीचं प्रमाणपत्र मागवून घेतलं, चष्मा लावला आणि चावडीवर वाचावं तसं मोठ्यानं वाचायला लागले. "कुमारी प्रतिभा शेखर काकड, द्वितीय क्रमांक. मार्गदर्शक, सौभाग्यवती मनीषा शेखर काकड."

धाकट्या सुनेचं नाव आणि पुढे थोरल्या दिराचं! ज्या घरात मनीषानं शेखरचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं, तिथं ते तिच्या नावाला चिकटून शाळेच्या शिक्क्यासकट आलं होतं. मनीषा लाल झाली. राज उगाच हसला आणि मग त्याला कळलं की हसायला नको होतं.

"ही काय थट्टा आहे का?" शेखर ताडकन उठला. "कुणी लिहिलं हे? हे भिंतीवर लावायचं कसं? चार माणसं काय म्हणतील?"

"आईनं काकूचं नाव सांगितलं होतं," प्रतिभा घाबरून म्हणाली. "सरच चुकले असतील."

"आण तुझं पेन," शेखर म्हणाला. "'शेखर' खोडतो अन् 'राज' करतो. काय एवढं!"

पेन आलं. शेखरनं खाली बसून प्रमाणपत्र मांडीवर सपाट केलं. सुवर्णा खांबाला टेकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता आठवेल, तिला वाटलं. नाव समोर आहे, त्याच्या नावाशेजारी आहे, आता तरी आठवेल. शेखरनं टोपण काढलं. कपाळाला आठी होती ती फक्त सरांच्या चुकीबद्दल. पेनाचं टोक कागदाला टेकलं.

"खोडू नका," सुवर्णा म्हणाली. "ती मी आहे."

"तू कोण?"

"मनीषा. तांदळात अंगठीनं नाव लिहिलंत ना तुम्ही? त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी कोण होते? लग्नपत्रिकेवर काय छापलं होतं?"

शेखरनं पेन कागदावरून उचललं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "अरे, हो की!" तो म्हणाला.

अरे, हो की! दुकानातून कोथिंबीर आणायची राहिली तरी माणूस याहून जास्त हळहळतो. सुवर्णाला त्याची चीड आलीच, पण सात वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती एवढीशी निघाली याची जास्त आली.

"व्हय गं बया," रंगूबाई पुटपुटल्या. "मनमाडची मनीषा. माझ्या बी ध्यानात ऱ्हायलं नाय."

मनीषा उभी राहिली होती. "ताई, मला कुणी सांगितलं नाही. सात वर्षांत तुम्ही मला एकदाही नावानं हाक मारली नाही. नुसतं 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का'. मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही."

"नव्हतीसच आवडत," सुवर्णा म्हणाली. आता दार उघडलंच होतं, तर सगळंच बाहेर येऊ दे. "तुला कुणी हाक मारली की माझा जळफळाट व्हायचा. तू माझं नाव घेतलंस, माणसं घेतलीस, माझी पोरगी घेतलीस. कालचा मेसेज चार वाजताच आला होता. मी बघितला आणि मुद्दाम दाबून ठेवला."

मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नावाचं मला माहीत नव्हतं, ताई. पण मेसेजचं तुम्ही वाईट केलंत. मी रात्री दीडपर्यंत जागून तो चार्ट रंगवला होता."

"केलं वाईट," सुवर्णा म्हणाली. "माझंच चुकलं." तिला मान वर करवेना.

"आता बास करा दोघी," रंगूबाई खेकसल्या. "एका नावापायी एवढा तमाशा! माझं बी बदललं व्हतं. रंगू हे सासरचं. मी कधी रडत बसले का?"

प्रतिभा आजीजवळ सरकली. "आजी, मग तुझं आधीचं काय होतं?"

रंगूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग इतक्या हळू म्हणाल्या की शेजारच्यालाच ऐकू जावं, "भिमा."

"कोण भिमा?" कारभारींनी चष्म्यावरून विचारलं.

रंगूबाई नवऱ्याकडे न बघता अंगणातल्या शेवंतीकडे बघत राहिल्या.

प्रतिभानं आजीकडे पाहिलं, मग आईकडे, मग बापाच्या हातातल्या उघड्या पेनाकडे. "बाबा, माझं लग्न झाल्यावर माझं पण बदलणार?"

शेखर पेनाचं टोपण शोधायला लागला.

"हात तर लावून बघू दे कुणाला!" सुवर्णा इतक्या जोरात ओरडली की फाटकाबाहेरून जाणारा फुलांचा टेम्पो हळू झाला. "कोणीही येवो, कितीही बडा असो, ताटात तांदूळ पसरले तर ताटासकट भिरकावून देईन. प्रतिभा म्हणून आलीस, प्रतिभाच राहशील. कळलं?"

"कळलं," पोरगी म्हणाली आणि निवांत हसली, जणू हे सगळं कायमचं ठरूनच गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर, तिचं ते निवांत हसू बघून सुवर्णाला पोटच्या पोरीचाही हेवा वाटला.